स्थिर आवृत्तीत नवे आणताना

१० जून २०२३ रोजी डेबियन या लिनक्स डिस्ट्रिब्युशनची बारावी स्थिर आवृत्ती ‘बुकवर्म’ प्रसिद्ध झाली. तिच्यात लिनक्स कर्नल ६.१ मालिकेतला होता, ग्लिबसी २.३६ होती, एक्सझेड ५.४.१ होते. त्यानंतरची ‘ट्रिक्सी’ आली ९ ऑगस्ट २०२५ला. मधल्या दोन वर्षांत या साऱ्या प्रकल्पांनी नव्या आवृत्त्या काढल्या, त्यांत सुधारणा झाल्या, काही गोष्टी मोडल्याही. पण बुकवर्म वापरणाऱ्याच्या यंत्रावर कर्नल ६.१चाच राहिला आणि ग्लिबसी २.३६च. यात कोणाची हयगय नाही. स्थिर आवृत्ती याचा अर्थच हा. ज्याने रुग्णालयाच्या नोंदी, कारखान्यातली मोजमापे किंवा विद्यापीठाचे निकाल अशा प्रणालीवर चढवले आहेत, त्याला रात्रीतून काही बदललेले नको असते. त्याचा कार्यक्रम नीट चालत असेल तर उद्याही तो तसाच चालावा, एवढीच त्याची मागणी असते.

तरीही या दोन वर्षांत दोन प्रकारच्या गरजा उभ्या राहतात. एक सुरक्षेची. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीत किंवा कर्नलमध्ये दोष सापडतो आणि तो आजच दुरुस्त करावा लागतो. दुसरी सोयीची वाटते, पण ती काही लाडाची नव्हे. नवा लॅपटॉप घेतला आणि त्यातले वायफाय कार्ड ६.१ कर्नलच्या ओळखीचेच नाही, तर त्या माणसाला स्थैर्याचे गोडवे सांगून उपयोग नाही. पहिल्या गरजेसाठी नव्या आवृत्तीतली नेमकी दुरुस्ती जुन्या सोर्समध्ये उतरवतात आणि बाकी सारे होते तसे ठेवतात. दुसऱ्या गरजेसाठी नवी आवृत्तीच आणतात, मात्र जुन्या प्रणालीवर, तिच्याच लायब्रऱ्यांच्या आधाराने पुन्हा कंपाइल करून. दोन्हींना बॅकपोर्ट म्हणतात आणि नवख्यांचा पहिला गोंधळ इथेच उडतो, कारण दोन्हींची तंत्रे वेगळी, धोके वेगळे, तपासण्याही वेगळ्या. दोन्हींत समान आहे ती भूमिका. ज्याने बदल मागितलेलाच नाही त्याच्या बाजूला उभे राहून बदलाकडे पाहायचे. उपकरणांची नावे दर काही वर्षांनी पालटतील. या विषयात शिकण्यासारखे जे आहे ते या भूमिकेत आहे, असे माझे मत आहे, आणि पुढचे विवेचन त्याच मताने केलेले आहे.

पहिल्या प्रकारचे सर्वात बोलके उदाहरण ‘हार्टब्लीड’चे. ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेला हा दोष सीव्हीई-२०१४-०१६० या क्रमांकाने नोंदलेला आहे. टीएलएस जोडणी जिवंत आहे ना, हे पाहण्यासाठी एक बाजू छोटा संदेश पाठवते आणि दुसरी बाजू तोच परत करते. संदेशाबरोबर त्याची लांबीही कळवलेली असते. ओपनएसएसएल ही लांबी खरी मानून चालत असे. म्हणजे एका बाइटचा संदेश पाठवून ‘तो ६४ किलोबाइटचा आहे’ असे सांगितले, तर सर्व्हर आपल्या मेमरीतला शेजारचा मजकूर जोडून ६४ किलोबाइट परत करी. त्यात कोणाचा पासवर्ड असे, कधी खुद्द सर्व्हरची खासगी किल्ली. दुरुस्ती थोड्याशा ओळींची होती: सांगितलेली लांबी आणि प्रत्यक्ष आलेली लांबी पडताळा, मेळ बसत नसेल तर संदेश टाकून द्या. मूळ प्रकल्पाने ती १.०.१जी या आवृत्तीत दिली.

डेबियनच्या तेव्हाच्या स्थिर आवृत्तीत, ‘व्हीझी’त, १.०.१ई होती. ईपासून जीपर्यंत इतरही बदल झालेले होते. डेबियनने ते घेतले नाहीत. लांबी पडताळणारी ती दुरुस्ती तेवढी उचलली आणि पॅकेजला १.०.१ई-२+डेब७यू५ असा क्रमांक दिला. रेड हॅटनेही आरएचईएल ६मध्ये १.०.१ई कायम ठेवून दुरुस्ती आत बसवली. आणि व्हीझीच्या आधीच्या ‘स्क्वीझ’चे काय? तिच्यात ०.९.८ मालिका होती, सदोष कोड १.०.१पासून आलेला, म्हणून तिथे करण्यासारखे काही नव्हतेच. बॅकपोर्ट करणाऱ्याने ‘दुरुस्ती कशी बसवू’ असे विचारण्याआधी ‘हा दोष माझ्या आवृत्तीत आहे का’ असे विचारायचे असते, आणि पुष्कळदा सर्वात अवघड उत्तर याच प्रश्नाचे असते.

या प्रकरणाचा पुढचा भाग विद्यार्थ्यांनी विसरू नये. डेबियनला लगेचच दुसरे अद्यतन काढावे लागले, यू६. त्यात सुरक्षेची नवी दुरुस्ती नव्हती. पॅकेज बदलले की डिस्कवरची फाइल बदलते, पण आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर किंवा मेल सर्व्हर मेमरीत जुनीच लायब्ररी धरून बसलेला असतो. तो पुन्हा सुरू केल्याशिवाय दोष जात नाही. यू६ने अशा सेवा शोधून, त्या पुन्हा सुरू करायच्या का, हे अद्यतनाच्या वेळीच विचारायची सोय केली. कोड बरोबर होता, बिल्ड बरोबर होते, पॅकेज पोहोचले होते. तरी वापरणाऱ्याचे यंत्र उघडे असू शकत होते.

आकड्यांचा घोळ हा याच पद्धतीचा दुष्परिणाम. बाहेरून तपासणारे साधन सर्व्हरला आवृत्ती विचारते, सर्व्हर ‘१.०.१ई’ म्हणतो, आणि अहवालात लाल रेघ येते. कार्यालयांत आजही ऑडिटवाले आणि यंत्रणा सांभाळणारे यांच्यात या लाल रेघेवरून वाद होतात. ऑडिटवाल्याचे चुकते असे म्हणता येत नाही. त्याच्या हातात आकडाच आहे. म्हणून डिस्ट्रिब्युशन्स कोणत्या पॅकेजच्या कोणत्या क्रमांकात कोणता दोष दुरुस्त झाला याची सार्वजनिक नोंद ठेवतात, आणि पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये सीव्हीई क्रमांक लिहिण्याचा आग्रह धरतात. चेंजलॉग लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्याने या वाटेला न जाणे बरे.

आता दुरुस्ती उतरवण्याच्या कारागिरीकडे वळू. मूळ प्रकल्पाच्या गिट भांडारात दुरुस्तीचा कमिट सापडतो. तो उचलून जुन्या शाखेवर लावायचा. ‘पॅच बसला नाही’ अशी तक्रार आली की नवखा घाबरतो. अनुभवी माणूस सुस्कारा सोडतो, कारण आता निदान वाचणे भाग पडणार. काळजी करावी ती पॅच निमूटपणे बसल्यावर. पॅच म्हणजे काही ओळी आणि त्यांच्या आजूबाजूच्या संदर्भाच्या ओळी. संदर्भ जुळला की साधन समाधानी होते. पण समजा, नव्या कोडमध्ये एखादे फंक्शन स्वतःच लॉक घेते आणि जुन्या कोडमध्ये ते लॉक त्याला बोलावणाऱ्याने आधीच घेतलेले असते. दुरुस्तीत त्या फंक्शनला बोलावणारी एक ओळ आहे. ती जुन्या कोडमध्ये अक्षरशः तशीच बसते, कंपाइलही होते, आणि भार वाढल्यावर केव्हातरी सगळे जागच्या जागी गोठते. अशी चूक पॅच वाचून सापडत नाही, पॅचच्या बाहेरचा कोड वाचून सापडते. संदर्भ अर्धवट जुळला तरी पॅच बसवून टाकण्याची सवलत जुन्या साधनांत होती. डेबियनचे डीपीकेजी-सोर्स क्विल्ट स्वरूपातल्या पॅकेजांसाठी ती सवलत नाकारते. मला ही कडक शिस्त रास्त वाटते.

कर्नलच्या स्थिर शाखांचे लिखित नियम या विषयाचे उत्तम पाठ्यपुस्तक आहेत. दुरुस्ती आधी लिनस टोरव्हाल्ड्स यांच्या मुख्य शाखेत गेलेली असली पाहिजे. स्थिर शाखेत थेट काही येत नाही. संदर्भाच्या ओळी धरून ती १०० ओळींपेक्षा मोठी नको. कोणत्या जुन्या कमिटमुळे दोष शिरला ते ‘फिक्सेस’ या खुणेने सांगायचे, म्हणजे दोष कोणत्या शाखांत आहे हे शोधणे यंत्राला जमते. मुख्य शाखेची अट पहिल्या वाचनात उगाचची वाटते. ती नसेल तर काय होते पाहा. जुन्या शाखेत दुरुस्त झालेला दोष नव्या शाखेत तसाच राहतो आणि दोन वर्षांनी अद्ययावत होणाऱ्या माणसाला तो परत भेटतो. डेबियनमध्येही स्थिर आवृत्तीच्या बदलासाठी रिलीज पथक आधी विचारते: अनस्टेबलमध्ये, म्हणजे नवी पॅकेजे आधी येतात त्या शाखेत, हे दुरुस्त झाले का?

पॅकेजमध्ये पॅच ठेवताना त्याच्या माथ्यावर उगम लिहायचा संकेत आहे. डेबियनचा डीईपी-३ हा दस्तऐवज त्यासाठीच आहे: पॅच मूळ प्रकल्पातून जसाच्या तसा घेतला, की जुन्या कोडसाठी बदलून घेतला, कोणत्या कमिटवरून, कोणत्या बगसाठी. तीन वर्षांनी तो पॅच काढायचा की ठेवायचा हे ठरवणारा माणूस बहुधा वेगळाच असतो, आणि त्याच्यापाशी एवढाच पुरावा असतो.

डिस्ट्रिब्युशनचा हात मूळ कोडमध्ये गेला की काय होऊ शकते, याचे सर्वात जड उदाहरण २००६चे आहे. ते बॅकपोर्टचे नाही, पण या विषयाच्या प्रस्तावनेत ते टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मेमरी तपासणारी साधने ओपनएसएसएलच्या यादृच्छिक संख्यांच्या कोडविषयी इशारे देत होती. ते इशारे घालवण्यासाठी डेबियनच्या पॅकेजमध्ये सप्टेंबर २००६मध्ये ओळी गाळल्या गेल्या. त्यांबरोबर यादृच्छिकतेचा जवळजवळ सगळा साठा गेला; उरला तो चालू प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे ३२,७६८ शक्यता. लुसियानो बेल्लो यांनी हे शोधले आणि १३ मे २००८ रोजी ते जाहीर झाले. त्या दरम्यान डेबियनवर आणि तिच्यापासून निघालेल्या उबुंटूसारख्या डिस्ट्रिब्युशन्सवर तयार झालेल्या एसएसएच आणि एसएसएल किल्ल्या अंदाज करून काढता येण्याजोग्या होत्या. त्या जगभर बदलाव्या लागल्या. चाचण्या? सगळ्या उत्तीर्ण होत होत्या. किल्ली तयार होत होती, सही होत होती, सही पडताळली जात होती. किल्ली अंदाजापलीकडची असावी हा तिचा गुण, पण तो गुण कोणतीच चाचणी मोजत नव्हती.

इतका धोका असेल तर निवडक दुरुस्त्या उतरवण्यापेक्षा मूळ प्रकल्पाची पूर्ण आवृत्तीच का घेऊ नये? हा या क्षेत्रातला जुना आणि न मिटलेला वाद आहे. फायरफॉक्स आणि क्रोमियमच्या बाबतीत डेबियनने हात टेकले: ब्राउझरमध्ये दर महिन्याला सुरक्षेच्या इतक्या दुरुस्त्या येतात, की एकेक वेचून जुन्या कोडमध्ये बसवणे शक्य राहिलेले नाही. म्हणून स्थिर आवृत्तीतही फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची ईएसआर शाखा पुढे सरकत राहते. पोस्टग्रेसक्यूएलची गोष्ट वेगळी. तो प्रकल्प आपल्या छोट्या आवृत्त्यांत फक्त दुरुस्त्याच घालतो अशी त्याची ख्याती आहे, म्हणून त्या आवृत्त्या विश्वासाने घेतल्या जातात. कर्नलमध्ये दोन्ही पंथ शेजारी नांदतात. डेबियन ६.१ मालिकेच्या स्थिर आवृत्त्या एकामागून एक घेते. रेड हॅटने आरएचईएल ७ संपूर्ण आयुष्यभर ३.१० या क्रमांकावर ठेवले आणि त्यात हजारो बदल आपल्या निवडीने उतरवले. शेवटी शेवटी त्या ३.१०चे मूळ ३.१०शी नाते नावापुरतेच होते. माझा कौल असा: मूळ प्रकल्प स्वतः शिस्तीने छोट्या आवृत्त्या काढत असेल तर त्या घ्याव्यात, कारण त्यांची चाचणी आपल्यापेक्षा जास्त लोकांनी केलेली असते. जिथे ती शिस्त नाही तिथेच निवडीचा खटाटोप करावा.

दुसऱ्या प्रकाराकडे, नवी आवृत्ती जुन्या प्रणालीवर आणण्याकडे, येऊ. ‘वूडी’ जुलै २००२मध्ये आली आणि तिच्यानंतरची ‘सार्ज’ जून २००५मध्ये. जवळजवळ तीन वर्षांच्या या खंडात स्थिर आवृत्तीवाल्यांची मोठी अडचण झाली, आणि स्वयंसेवकांनी स्वतंत्रपणे चालवलेल्या बॅकपोर्ट भांडाराला त्या काळात महत्त्व आले. सप्टेंबर २०१०मध्ये डेबियनने ते अधिकृत केले. व्हीझीपासून ते मुख्य आर्काइव्हमध्येच सामावले गेले. आजचा मुख्य नियम सोपा आहे: जे टेस्टिंगमध्ये, म्हणजे होऊ घातलेल्या पुढच्या स्थिर आवृत्तीत, आहे तेच बॅकपोर्टमध्ये आणता येते. उद्या वापरणारा पुढच्या स्थिर आवृत्तीवर जाईल तेव्हा त्याला तिथे तेच पॅकेज किंवा त्याहून नवे मिळावे, मागे जावे लागू नये, हा त्यामागचा हेतू.

या हेतूची राखण एक छोटे चिन्ह करते. बुकवर्मसाठी बॅकपोर्ट करताना २.४-१ या पॅकेजचा क्रमांक २.४-१~बीपीओ१२+१ असा होतो. डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या तुलनेत ~ हे चिन्ह काहीच नसण्यापेक्षाही आधी येते. म्हणून बॅकपोर्ट हा त्याच क्रमांकाच्या मूळ पॅकेजहून किंचित लहान ठरतो. ट्रिक्सीवर जाताच २.४-१ हे ‘नवे’ ठरते आणि बॅकपोर्टची जागा आपोआप घेते. वापरणाऱ्याला काही करावे लागत नाही. सुरक्षेच्या अद्यतनाचे गणित याच्या उलट आहे. +डेब१२यू१ हे शेपूट मूळ क्रमांकापेक्षा मोठे ठरले पाहिजे, नाहीतर अद्यतन कोणी घेणारच नाही, आणि तरी पुढच्या स्थिर आवृत्तीतल्या क्रमांकापेक्षा लहान राहिले पाहिजे. डीपीकेजीला दोन क्रमांक देऊन त्यांची तुलना करायला लावता येते. शंका आली की तर्क करत बसू नये, त्याला विचारावे.

तितकीच शहाणपणाची रचना भांडाराच्या रिलीज फाइलमध्ये आहे. बॅकपोर्टच्या रिलीज फाइलमध्ये दोन घोषणा असतात: आपण होऊन येथून काही घेऊ नका, पण एकदा घेतलेले असेल तर त्याची पुढची अद्यतने घेत जा. एपीटीच्या भाषेत याचा प्राधान्यक्रम १०० होतो. नेहमीच्या भांडाराचा तो ५०० असतो. भांडार यादीत जोडले म्हणून यंत्रावर काही बदलत नाही. माणसाने नाव घेऊन एखादे पॅकेज मागितले तरच ते येते. बदल न मागणाऱ्याचा मान राखणे म्हणजे काय, ते या दोन ओळींत दिसते.

बिल्डची गोष्ट थोडक्यात सांगता येण्यासारखी आहे, एक बाब वगळता. टेस्टिंगमधला सोर्स घ्या, डीसीएचला बीपीओचा पर्याय देऊन चेंजलॉगमध्ये नोंद करा, आणि एसबिल्ड किंवा पीबिल्डरने, ज्या स्थिर आवृत्तीसाठी बॅकपोर्ट करायचा तिच्या कोऱ्या परिसरात बिल्ड करा. आपल्या रोजच्या यंत्रावर कधीही नाही. तुमच्या यंत्रावर टेस्टिंग असेल तर तयार होणारा बायनरी तिथल्या नव्या ग्लिबसीची चिन्हे मागू लागतो आणि २.३६ असलेल्या बुकवर्मवर तो चढतच नाही. तुमच्या यंत्रावर तीच स्थिर आवृत्ती असली, तरी केव्हातरी हाताने टाकलेली एखादी लायब्ररी बिल्डमध्ये नकळत शिरते आणि तुमच्याशिवाय कोणाकडेच बिल्ड होत नाही.

थांबून पाहावी अशी बाब डिपेन्डन्सीची. पॅकेजला एखादी लायब्ररी स्थिर आवृत्तीत आहे त्याहून नवी हवी असते. मग तिचाही बॅकपोर्ट. तिला हवे असलेले बिल्डचे साधन, त्याचाही. तिसऱ्या पायरीवर थांबून विचार करावा. ती लायब्ररी इतर किती पॅकेजे वापरतात? ती बदलली तर ज्यांचा आपल्या कामाशी संबंध नाही तीही हलतील. पुष्कळदा उत्तर असे निघते की नवी लायब्ररी एका पर्यायी सुविधेपुरतीच हवी आहे. ती सुविधा बंद करून जुन्या लायब्ररीवर पॅकेज उभे राहते. हा तोटा चेंजलॉगमध्ये स्पष्ट लिहिला की झाले.

बुकवर्मसाठी बॅकपोर्ट करणाऱ्यांना या संदर्भात एक खास धडा मिळाला. ३२-बिट यंत्रांवर काळ मोजणारा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी ओसंडून वाहील. त्यावर उपाय म्हणून डेबियनने २०२४मध्ये टेस्टिंगमधल्या शेकडो लायब्रऱ्यांच्या पॅकेजांची नावे बदलली. नावाच्या शेवटी ‘टी६४’ आले. लिबएसएसएल३ची लिबएसएसएल३टी६४ झाली. ज्या पॅकेजांचे अवलंबन बिल्डच्या वेळी आपोआप मोजले जाते त्यांना बुकवर्मच्या परिसरात जुनी नावेच मिळतात, त्रास होत नाही. पण ज्यांच्या कंट्रोल फाइलमध्ये मेंटेनरने नवे नाव हाताने लिहिलेले असते ती बुकवर्मवर बिल्ड होतात आणि चढत मात्र नाहीत, कारण त्या नावाचे पॅकेज तिथे नाहीच. आणि बॅकपोर्ट करायची तीच लायब्ररी असेल तर तिचे नामांतर उलटे फिरवावे लागते, नाहीतर बुकवर्ममध्ये एकाच फाइलवर हक्क सांगणारी दोन पॅकेजे होतात. बिल्ड यशस्वी झाले म्हणजे काम झाले, ही समजूत मोडायला याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून चाचणी. बिल्ड चालू असताना पॅकेजच्या स्वतःच्या चाचण्या चालतात. त्यातली एखादी जुन्या प्रणालीवर अपयशी ठरली की ती गाळून पुढे जाण्याचा मोह प्रत्येकाला होतो. कधीकधी ते योग्यही असते. चाचणीला हवे असलेले साधन जुन्या आवृत्तीत नसते. पण कारण सापडल्याशिवाय गाळलेली चाचणी म्हणजे वापरणाऱ्याच्या यंत्रावर पुढे ढकललेला दोष. त्यानंतर ऑटोपीकेजीटेस्ट: तीच चाचणी, पण बिल्डच्या फोल्डरमधल्या कोडवर नव्हे तर प्रत्यक्ष बसवलेल्या पॅकेजवर. या दोन्हींत फरक पडतो, विशेषतः एखादी फाइल पॅकेजमध्ये यायचीच राहून गेलेली असते तेव्हा. मग पियुपार्ट्स पॅकेज बसवते, अद्ययावत करते, काढून टाकते आणि मागे काय कचरा उरला ते दाखवते.

यंत्राला सांगून न होणाऱ्या तपासण्यांत मी तीन वाटांना महत्त्व देतो. स्थिर आवृत्तीतल्या पॅकेजवरून बॅकपोर्टवर जाणे. बॅकपोर्टवरून पुढच्या स्थिर आवृत्तीवर जाणे. आणि बॅकपोर्ट नकोसा झाला तर परत मागे येणे. पहिली वाट सगळे पाहतात. दुसरीवर जुनी कॉन्फिगरेशन फाइल नव्याशी भांडते का, हे कळते. तिसरी डेबियन अधिकृतपणे पुरवत नाही, तरी ती चालून पाहावी. कार्यक्रम पहिल्याच सुरुवातीला आपला डेटाबेस नव्या स्वरूपात बदलून टाकत असेल तर परतीची वाट बंद आहे, आणि हे वापरणाऱ्याला बसवण्याआधी सांगितले पाहिजे, नंतर नव्हे. पॅकेजवर अवलंबून असणारी दुसरी पॅकेजे हा चौथा भाग. लायब्ररी बदलताना तिच्यावर उभ्या असलेल्या निदान काही पॅकेजांच्या चाचण्या नव्या लायब्ररीवर चालवल्याशिवाय अपलोड करू नये.

उबुंटूच्या स्थिर अद्यतनांच्या पद्धतीत यासाठी एक लिखित टिपण द्यावे लागते. दोषाचा वापरणाऱ्यावर परिणाम काय, दुरुस्ती तपासायची कशी, हे तर त्यात असतेच. शिवाय कुठे काय बिनसू शकते असाही एक भाग असतो. पूर्वी लोक तिथे ‘शक्यता कमी’ एवढेच लिहून मोकळे होत. आता तसे लिहिलेले चालत नाही. दुरुस्ती चुकली असेल तर ती कोणत्या रूपात दिसेल, कोणाला दिसेल, हे लिहावेच लागते. हा भाग नीट भरता येत नसेल तर आपल्याला आपलाच पॅच समजलेला नाही असे खुशाल समजावे. पुढे पॅकेज ‘प्रपोज्ड’ या चाचणीच्या भांडारात निदान सात दिवस राहते, टिपणातली तपासणी कोणीतरी प्रत्यक्ष करून तशी खूण करतो, आणि मगच ते सर्वांकडे जाते, तेही एकदम नव्हे तर टप्प्याटप्प्याने. डेबियनच्या रिलीज पथकाची पद्धत वेगळी आहे. ते जुन्या आणि नव्या सोर्समधला संपूर्ण फरक, डेबडिफ, मागतात आणि माणसे तो ओळीओळीने वाचतात. फरकात दुरुस्तीशी संबंध नसलेली एक ओळ जरी दिसली, एखादी रिकामी जागा नीट केलेली असली, तरी विचारणा होते. नवख्याला हा छळ वाटतो. पण वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीचे कारण कळले पाहिजे, आणि नीटनेटकेपणा हे स्थिर आवृत्तीत बदल करायचे कारण नव्हे.

या सगळ्या तपासण्या मूळ सोर्स प्रामाणिक आहे असे गृहीत धरतात. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसक्यूएलच्या विकासकाने जाहीर केले की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा दडवलेला आहे. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा माग काढताना त्यांना तो सापडला होता. दुष्ट कोड चाचणीच्या फाइलींत लपवलेला होता आणि तो जागा करणारा तुकडा प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्येच होता, गिट भांडारात नव्हता. डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये तो पोहोचला होता, बुकवर्ममध्ये ५.४.१ असल्यामुळे ती वाचली. मागे फिरताना क्रमांक तर वाढलाच पाहिजे, म्हणून डेबियनने पॅकेजला ५.६.१+रिअली५.४.५-१ असे नाव दिले: क्रमांक ५.६.१चा, आतला कोड ५.४.५चा. या घटनेवरून ‘जुने तेच सुरक्षित’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटले. तो घाईचा आहे. हार्टब्लीडच्या वेळी जुने ०.९.८ वाचले, पण असंख्य इतर वेळी जुनेच सदोष असते. बॅकपोर्ट करणाऱ्याने यातून घ्यायचे ते वेगळे. टेस्टिंगमध्ये असणे ही अट पुरेशी नाही. टारबॉल आणि गिट भांडार यांच्यातला फरक काढून पाहणे आता या कामाचा भाग झाले आहे.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. रेड हॅटचे मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे, आणि डेबियनची जागतिक परिषद सप्टेंबर २०२३मध्ये कोचीला भरली होती. या विषयाची मोठी सोय अशी की त्याची सगळी कागदपत्रे उघडी आहेत. प्रत्येक सुरक्षा अद्यतनाचा सोर्स, त्यातला पॅच, रिलीज पथकाशी झालेला संवाद, कशावर हरकत घेतली आणि का, हे सगळे घरबसल्या वाचता येते. शिक्षकाशिवाय शिकता येणारी अशी क्षेत्रे थोडी. सुरुवात वाचनाने करावी. स्थिर आवृत्तीतले एखादे परिचित पॅकेज घ्यावे, त्याचा डेबियन/पॅचेस हा फोल्डर उघडावा, एकेका पॅचच्या माथ्यावरचा उगम पाहून मूळ कमिटशी तो पडताळावा, आणि मेंटेनरने काय गाळले, का गाळले, याचा स्वतः अंदाज बांधावा.

मग स्वतः करून पाहण्यासाठी असे पॅकेज निवडावे ज्याच्यावर दुसरे काही उभे नाही आणि जे आपण रोज वापरतो. ट्रिक्सीच्या कोऱ्या परिसरात टेस्टिंगमधल्या सोर्सचे बिल्ड करावे, वर सांगितलेल्या वाटा चालून पाहाव्यात, आणि तयार झालेले पॅकेज काही महिने फक्त स्वतःच्या यंत्रावर ठेवावे. टेस्टिंगमध्ये नवी आवृत्ती आली की पुन्हा बिल्ड करावे. हे दुसरे आणि तिसरे वेळचे काम आपल्याला जमते का, हे त्यात कळते. अपलोडचा विचार त्यानंतर. बॅकपोर्टमध्ये पाठवलेल्या पॅकेजचे सुरक्षेचे दोष डेबियनचे सुरक्षा पथक दुरुस्त करत नाही. ज्याने पाठवले त्यानेच ते करायचे असतात, ती स्थिर आवृत्ती निवृत्त होईपर्यंत.